ठरवायला वेळ हवा

एका परिसंवादात एका नावाजलेल्या विचारवंतांनी ठासून सांगितलं की, कर्करोगात गेलेला स्तन शस्त्रक्रियेनं पुन्हा घडवून घेणारी बाई पुरुषी नजरेपुढे मान तुकवते. साक्षीला त्यांनी ऑड्री लॉर्डला उभं केलं. टाळ्या पडल्या. मला राग आला तो दोन कारणांनी. मृत्यूच्या भीतीतून जाणाऱ्या बाईची परीक्षा घेण्याचा अधिकार यांना कोणी दिला? आणि ज्या लॉर्डच्या आधारावर ही परीक्षा मांडली, ती लॉर्ड यांनी नीट वाचली आहे का?

लॉर्ड न्यूयॉर्कची कृष्णवर्णीय, लेस्बियन कवयित्री. १९७८ मध्ये तिचा उजवा स्तन काढला गेला आणि १९८० मध्ये 'द कॅन्सर जर्नल्स' हे पुस्तक आलं. ऑपरेशननंतर एक स्वयंसेविका तिला भेटायला आली, ब्लाऊजमध्ये घालायचा लोकरीचा पॅड घेऊन. तो फिकट गुलाबी होता. लॉर्डच्या अंगावर तो परकाच दिसला, कारण तो बनवताना काळ्या कातडीची बाई कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती. पुढे टाके काढायला ती पॅड न घालता दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या परिचारिकेनं तिला समजावलं की, असं आल्यानं दवाखान्यातल्या सगळ्यांचं मनोधैर्य खचतं. लॉर्डनं मोशे दायान यांचं उदाहरण दिलं. एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून वावरणाऱ्या या इस्रायली सेनानीला काचेचा डोळा बसवून घ्या, असं कोणी सुनावत नाही. त्याची जखम शौर्याची ठरते. बाईची जखम मात्र झाकायची.

इथपर्यंत आमचे विचारवंत तिच्याबरोबर आहेत. पण लॉर्डचा खरा मुद्दा याच्या पुढे सुरू होतो. तिला सलत होती ती घाई. बाईला आपल्या शरीराचा शोक करू न देता, पहिल्यासारखी दिसशील एवढंच सांगून घरी पाठवायचं. मग कर्करोग हा दिसण्याचा प्रश्न होऊन बसतो. तो कशामुळे होतो, खाण्यातून आणि हवेतून आपल्या पोटात काय जातं, हे विचारायचं राहून जातं. शिवाय सगळ्याजणी झाकून वावरल्या तर एका स्तनाच्या बायका एकमेकींना ओळखणार कशा? त्या एकत्र येऊन अमेरिकी संसदेवर चालून गेल्या आणि गुरांच्या खाद्यातल्या संप्रेरकांवर बंदी मागू लागल्या तर काय होईल, अशी कल्पना तिनं रंगवली आहे. शोकाला राजकारणाचं बळ देणारं इतकं थेट लेखन मी फार थोडं वाचलं आहे.

पण बदललेल्या शरीराशी ओळख झाल्यावर, कोणाच्या दबावाशिवाय एखादीनं कृत्रिम स्तन निवडला तर लॉर्डची त्याला ना नव्हती. पुनर्रचनेवर तिनं कठोर टीका केली, हे खरं. पण स्वतःच्या निवडीचं तिनं इतरांसाठी व्रत केलं नाही. ते काम टाळ्या मिळवणाऱ्यांनी केलं.

आधी ओळख, मग निवड हा तिचा क्रम मला पूर्णपणे पटत होता. आजची शस्त्रक्रिया मात्र त्याला अडथळा आणते. १९८२ मध्ये कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी पोटाचा स्नायू आणि त्यावरची चरबी-त्वचा वळवून स्तन घडवण्याची पद्धत मांडली. पुढे पोटाचा स्नायू जागेवर ठेवून नुसती चरबी आणि त्वचा रक्तवाहिन्यांसह नेण्याची पद्धत आली. आज स्तन काढणं आणि नवा घडवणं एकाच भुलीत होऊ शकतं. तसं केलं तर स्तनावरची बरीचशी मूळ त्वचा राखता येते. म्हणजे नव्या शरीराची ओळख होण्याआधीच ठरवायचं, तेही बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडल्यानंतरच्या थोड्याशा दिवसांत. सपाट छाती घेऊन मला शुद्धीवर यायचंच नाही, असं आधीच सांगणारी बाई मग पराधीन म्हणायची का? मी म्हणणार नाही. तिला स्वतःची ओळख पुरेशी आहे. इथे मी लॉर्डचा हात सोडते.

नव्या स्तनाला पूर्वीची संवेदना बहुधा नसते. मग तो बघणाऱ्यांसाठीच झाला, असं ते विचारवंत म्हणतील. पण पदर सारखा करताना, आंघोळ करताना, एका बाजूच्या वजनानं खांदा ओढला जात असताना त्या शरीरात ती एकटीच असते. त्यावर मत तिचं.

जिचं ठरत नाही तिला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी: हे नंतरही करता येतं, काही वर्षांनीसुद्धा. रेडिएशन द्यायचं असेल तर अनेकदा सर्जनच थांबायला सुचवतात, कारण किरणांमुळे स्तनाच्या जागी बसवलेल्या सिलिकॉनच्या रोपणाभोवतीची ऊती कडक होऊन आकसण्याचा धोका वाढतो. सिलिकॉन जन्मभराचंही नसतं, पुढे ते बदलावं लागू शकतं. २०१९ मध्ये एका प्रकारच्या खरखरीत पृष्ठभागाची रोपणं लिम्फोमाच्या जोखमीमुळे जगभरातून परत मागवली गेली. हे सगळं ऐकून, घरी जाऊन विचार करायला वेळ लागतो.

आणि नको म्हणणारीचं काय? अमेरिकेत अनेक बायकांनी जाहीरपणे सांगितलं आहे की, सपाट छाती हवी असं बजावूनही शुद्धीवर आल्यावर त्यांना त्वचेच्या लोंबत्या घड्या सापडल्या. पुढेमागे मन बदललं तर, म्हणून सर्जननं परस्पर ठेवलेल्या. नीट सपाट शिवण्यालाही कौशल्य लागतं, ते मागून घ्यावं लागतं. बाईचा होकार विचारवंतांना खरा वाटत नाही आणि नकार डॉक्टरांना.

आपल्याकडे तर पुष्कळदा प्रश्नच विचारला जात नाही. 'आता या वयात काय करायचंय' हे वाक्य साठीच्या बाईला घरात ऐकू येतं आणि दवाखान्यातही. किंवा डॉक्टर नवऱ्याकडे, मुलाकडे बघून बोलतात. खर्चाचा धाक असतो तो वेगळाच. ज्यांच्याकडे आरोग्य विमा आहे त्यांनी पॉलिसी उघडून बघावी. सौंदर्यासाठीची प्लॅस्टिक सर्जरी वगळणाऱ्या विमा नियामकाच्या प्रमाणित कलमातच अपघात, भाजणं आणि कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद लिहिलेला आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानं, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनांवर पुनर्रचनेचा, दुसरा स्तन जुळवून घेण्याचा आणि बाहेरून लावायच्या कृत्रिम स्तनाचाही खर्च देण्याचं बंधन आलं. आपल्याकडे पुढच्या परिसंवादात कोणी वक्ता या कलमाबद्दल आणि ते वापरू न शकणाऱ्या, विमाच नसलेल्या बायकांबद्दल बोलणार असेल, तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.