देठ

नडगीवरून एकदा बोट फिरवून पाहावे. कातडी आणि हाड, मध्ये जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच तिथे ‘डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स’ ही दुर्मीळ गाठ झाली, तर ती काढण्याइतकेच खड्डा भरणेही अवघड. ही गाठ वर्षानुवर्षे जुन्या वणासारखी गप्प असते, दूरवर क्वचितच पसरते. पण कातडीखाली तिची मुळे फुटलेली असतात. भोवतालची दोन-तीन सेंटिमीटर निरोगी कातडीही काढली नाही, तर ती पुन्हा उगवते. आणि उघड्या हाडावर मांडीची पातळ कातडी धरत नाही. मग शेजारचा जाड तुकडा वळवून आणायचा, त्याला रक्त पुरवणारा देठ शाबूत ठेवून.

अशाच देठावर कपाळाची कातडी वळवून नाक घडवायची युक्ती इंग्लंडात गाजली ती म्हैसूरच्या लढाईमुळे. कावसजी हा मराठा शेतकरी (नाव इंग्रजी कानांनी ऐकलेले, खरे बहुधा वेगळेच असावे) इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. नाक गेले, एक हातही गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांमधली एक पट्टी न कापता ठेवली आणि कातडी पिळून खाली वळवली. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या फडक्याच्या पट्ट्या, पुढे तूप. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली.

ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे सगळे छापून आले. १८१४मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने इंग्लंडात तसेच नाक घडवले. मासिकात कावसजीचे नाव आहे, चित्र आहे. विटा पाडणाऱ्याची फक्त जात.

आज रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवून लांबचा तुकडाही पायावर बसवता येतो. ते जमण्याजोगे नसेल, तर कधीकधी जुनाच उपाय : एका पायाची कातडी दुसऱ्याला उसनी द्यायची. देठ तुटू नये म्हणून दोन्ही पाय सुमारे तीन आठवडे एकमेकांना जखडलेले. कूस बदलायची, तर दोघांनी मिळून.