बंद दार आणि मोकळं रान

'द लेजंड ऑफ झेल्डा' या गेममालिकेवर प्रेम करायचं म्हणजे आता एका भांडणात बाजू निवडावी लागते. २०१७च्या आधीचा झेल्डा की नंतरचा? निन्टेंडोने जुन्या साच्याकडे परत यावं की नाही? ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही त्यांनी लगेच पान बंद करू नका. प्रश्न गेमचा असला तरी त्यात आणखी बरंच काही अडकलेलं आहे.

आधी जुना साचा सांगते. लिंक नावाचा अबोल मुलगा भुयारासारख्या जागेत शिरतो. गेमर त्याला डंजन म्हणतात. आत कुलपं, किल्ल्या, सरकवायचे ठोकळे. मध्येच कुठेतरी एका पेटीत नवी वस्तू मिळते: धनुष्य, बूमरँग, नाहीतर साखळीला लावलेला आकडा. त्याच वस्तूने पुढची दारं उघडतात आणि बहुतेकदा शेवटचा राक्षसही तिनेच हरतो. बाहेर पडल्यावर दहा तासांपूर्वी पाहिलेला एक उंच कठडा आठवतो. अरे, आकडा तिथे अडकेल की! १९९१च्या 'अ लिंक टू द पास्ट'ने हा साचा घडवला, १९९८च्या 'ओकारिना ऑफ टाइम'ने तो त्रिमितीत आणला आणि २०११च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'पर्यंत तो थोड्याफार फरकाने चालला.

मग २०१७ साली 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला. सुरुवातीच्या पठारावरच महत्त्वाच्या सगळ्या शक्ती हातात देतो, एक पॅराग्लायडर देतो आणि म्हणतो, जा. वाटलं तर थेट शेवटच्या राक्षसाकडे जा. कुठलाही डोंगर चढा. पावसात पाय घसरतो, वीज चमकत असताना धातूची तलवार पाठीला असेल तर ती तुमच्यावरच पडते. मी त्यात दीडशेहून जास्त तास घालवले आणि एकाही तासाचं मला वाईट वाटत नाही. पण त्यात एक गोष्ट नव्हती: 'नंतर'. सगळं पहिल्याच दिवशी हातात आल्यावर 'इथे मी नंतर परत येईन' असं म्हणायला फारसं कारण उरत नाही.

आता मूळ प्रश्न. एखाद्या मालिकेवर वीस-पंचवीस वर्षं प्रेम करणाऱ्यांना 'आम्हाला तेच हवं' असं म्हणायचा हक्क आहे का?

पैसे दिले म्हणून हक्क, हे मला पटत नाही. तुम्ही एक गेम घेतलात, तो मिळाला, व्यवहार संपला. पुढचा गेम कसा असेल याचा करार कुणी केला नव्हता. नावाचा मुद्दा जास्त वजनदार आहे. कंपनी खोक्यावर 'झेल्डा' छापते तेव्हा ती आपल्या आठवणींवरच गेम विकत असते. म्हणजे नाव हेच एक प्रकारचं वचन झालं.

पण कशाचं वचन? १९८७चा दुसराच झेल्डा बाजूने दिसणारा, अनुभवाचे गुण गोळा करायला लावणारा होता. २०००च्या 'मेजोराज मास्क'मध्ये तीनच दिवस पुन्हा पुन्हा जगायचे होते. 'विंड वेकर'चं कार्टूनसारखं रूप २००१ साली दाखवलं तेव्हा चाहते केवढे चिडले होते, आणि आज तोच कित्येकांचा लाडका आहे. सगळ्यात गंमत म्हणजे १९८६चा पहिला झेल्डा बऱ्यापैकी मोकळा होता. कुठेही भटका, डंजनचा क्रम बराचसा आपला आपण ठरवा. म्हणजे 'मूळ परंपरा' दोन्ही बाजूंना आपलीच म्हणता येते. आपण बाराव्या वर्षी जे खेळलो त्याला क्लासिक म्हणतो, असा मला दाट संशय आहे.

इथेच थांबता आलं असतं: परंपरा वगैरे काही नसतं, करा काय करायचं ते. पण मग नाव म्हणजे नुसतं स्टिकर उरतं. आणि जुन्या साच्यात जे होतं ते केवळ आठवणींचं होतं, हेही मी मान्य करत नाही. ऐजी आओनुमा 'ओकारिना'चे डंजन रचणाऱ्यांपैकी एक, पुढे मालिकेचे निर्माते झाले. जुन्या पद्धतीकडे परतण्याबद्दल २०२३ साली विचारल्यावर, लोकांना जास्त बंधनं असलेल्या गेमकडे का जायचं असेल, हे स्मरणरंजन तर नाही ना, अशा अर्थाचं ते बोलले होते. माणूस आदरणीय, पण हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

माझी चौदा वर्षांची मावसबहीण 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'वर वाढलेली. तिला स्मरणरंजन कुठून असणार? मागच्या मे महिन्यात तिला मी 'लिंक्स अवेकनिंग' दिला. १९९३च्या गेमबॉय गेमची २०१९ची नवी आवृत्ती. त्यात ईगल्स टॉवर नावाचा डंजन आहे. एक जड लोखंडी गोळा उचलून मजल्यामजल्यावरून न्यायचा आणि चार खांब फोडायचे. (ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचं वाक्य सोडा.) चौथा खांब पडला की वरचा मजलाच खाली कोसळतो. ती दोन दिवस अडकली. वैतागली, मला शिव्या घातल्या, उत्तर शोधायला फोन उचलला आणि परत ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मजला कोसळला तेव्हा ती ओरडली आणि मावशी स्वयंपाकघरातून धावत आली. नंतर ती म्हणाली, "ताई, ब्रेथमध्ये मी अशी कधी अडकलेच नाही गं. तिथे नाही जमलं की मी दुसरीकडे जायचे."

सोडून जाण्याची मुभा आणि अडकण्याची मजा एकत्र नांदत नाहीत. मोकळ्या रानात कोडं सोडवण्याचे दहा मार्ग असतात, ते मला खरंच आवडतं. पण ज्या कोड्याचं एकच उत्तर असतं, ते कुणीतरी माझा विचार करून रचलेलं असतं. मी इथे काय समजेन, कुठे फसेन, याचा त्या माणसाने अंदाज बांधलेला असतो. शिवाय सगळे एकाच जागी अडकतात. 'ओकारिना'चं वॉटर टेंपल म्हटलं की अनोळखी माणसाशीही अर्धा तास बोलता येतं. 'ब्रेथ'बद्दल बोलताना प्रत्येक जण आपापली गोष्ट सांगतो आणि दुसऱ्याची संपायची वाट बघतो.

मग दोन्ही का नकोत? क्रिकेटमध्ये टी-ट्वेंटी आलं तरी कसोटी उरलीच. अडचण अशी की 'ब्रेथ' आणि त्याचा पुढचा भाग 'टियर्स ऑफ द किंगडम' यांच्यात सहा वर्षं गेली. एवढ्या मोठ्या खेळाला तेवढा वेळ लागतो, आणि त्या काळात तीच टीम दुसरा मोठा झेल्डा करू शकत नाही. त्यात आकडे आहेत: 'स्कायवर्ड स्वोर्ड' वी कन्सोलवर ४० लाखांपर्यंतही पोचला नाही, 'ब्रेथ' ३ कोटींच्या पुढे गेला, 'टियर्स' पहिल्या तीनच दिवसांत १ कोटी खपला. कुठल्या साच्याला पैसा मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि आओनुमांच्या बाजूनेही बघायला हवं. ते 'ओकारिना'पासून या मालिकेत आहेत. एखाद्याने ऐन उमेदीतलं काम आयुष्यभर तसंच करत राहावं, ही मागणी प्रेमातून आली तरी क्रूरच आहे.

तेव्हा निन्टेंडोने साचा जपलाच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. साचा काही कुणाच्या मालकीचा नसतो. २०२२चा 'ट्यूनिक' प्रामुख्याने एकाच माणसाने रचलाय आणि त्यात जुन्या झेल्डाची हाडं स्पष्ट दिसतात. २०२४चा 'एकोज ऑफ विज्डम' निन्टेंडोने ग्रेझो या स्टुडिओसोबत केला. त्यात डंजन आहेत, राजकन्या स्वतः नायिका आहे, आणि कोड्यांना बरीच मोकळीकही आहे. मधला रस्ता म्हणून तो वाईट नाही. मला मात्र तो मधलाच वाटला.

माझी तक्रार एवढीच की बदल करणाऱ्याने मागच्या घराला तुरुंग म्हणू नये. मावसबहिणीला सध्या 'ट्यूनिक' दिलाय. त्यातली माहितीपुस्तिका अनोळखी लिपीत आहे आणि तिची पानं खेळता खेळता सापडतात. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: एका पानाचा फोटो आणि खाली सात प्रश्नचिन्हं. मला उत्तर माहीत आहे. अजून पाठवलेलं नाही.