लाट ओसरल्यावरचे शहाणपण

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मोठमोठ्या शहरांतली रुग्णालये ऑक्सिजनच्या टँकरकडे डोळे लावून बसली होती. नंदुरबारला मात्र प्राणवायूसाठी कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत. सुमारे ६९ टक्के आदिवासी वस्तीचा आणि राज्याच्या मानव विकासाच्या यादीत तळाशी असणारा हा जिल्हा. त्यामुळे सगळ्यांना नवल वाटले आणि तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांचे रास्त कौतुक झाले. पण मागास जिल्ह्याला हे जमले कसे, असे विचारताना आपण कार्यकारणाचा धागा उलटा धरतो. आपल्यापर्यंत काही वेळेवर पोचणार नाही, हे गृहीत धरून जगणाऱ्या जिल्ह्यालाच ही तयारी आधी सुचू शकते.

द्रवरूप ऑक्सिजन दूरच्या कारखान्यातून टँकरने येतो. मागणी एकदम वाढली की पुरवठ्याच्या रांगेत शेवटी उभा असलेला जिल्हा आधी कोरडा पडतो. याउलट हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प रुग्णालयाच्या आवारातच बसतो. नंदुरबारमध्ये असा पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला. पुढे रुग्ण घटले, ठिकठिकाणची कोविड केंद्रे गुंडाळली गेली. या जिल्ह्याने मात्र भर घातली आणि दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात तिथे तीन प्रकल्प होते. पहिल्या लाटेत दिवसाला १९० पर्यंत गेलेली रुग्णसंख्या दुसऱ्या लाटेत १२०० च्या घरात पोचली, तेव्हा रिकाम्या दिवसांतला तो खर्च कामी आला.

यावर एक आक्षेप असा, की लाट आलीच नसती तर हा पैसा वाया गेला असता. सरकारी हिशेबात वापरात नसलेले यंत्र म्हणजे उधळपट्टीच. पण अग्निशमन दलाचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून कोणी तो विकायला काढत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सारे एका डॉक्टर-अधिकाऱ्याचे कर्तृत्व; तो बदलून गेला की मागे काय उरते? म्हणूनच यंत्रांइतकेच महत्त्व ‘ऑक्सिजन नर्स’ या व्यवस्थेला द्यायला हवे. कोणत्या रुग्णाला किती प्रवाह लागतो, गळती कुठे आहे, हे पाहणे तिथे नेमून दिलेले काम झाले. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. साठा असणे आणि तो रुग्णापर्यंत पोचणे यांत केवढे अंतर असते, हे त्या दिवशी दिसले. नेमून दिलेले काम अधिकाऱ्याच्या बदलीनंतरही चालू राहू शकते. अट एवढीच, की पदे मंजूर असावीत आणि भरलेली असावीत.

तरीही नंदुरबारची गोष्ट निव्वळ यशोगाथा म्हणून सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शहरातल्या जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजन असला, तरी धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून तिथे पोचणे ही वेगळीच लढाई आहे. नर्मदाकाठच्या गावांत लस बोटीने न्यावी लागली. रस्ता नसलेल्या पाड्यावरचा आजारी माणूस आजही बांबूच्या झोळीतून उतरवला जातो. कुपोषण आणि सिकलसेलला तर लाटेची वाट पाहावीच लागत नाही. मात्र यामुळे मूळ युक्तिवाद कमकुवत होत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढते. ऑक्सिजन जर रुग्णालयाच्या आवारात बनवता येतो, तर प्रसूतीची सोय, रक्तसाठा आणि मुक्कामी डॉक्टर सातपुड्याच्या कुशीत का नेता येऊ नयेत? साथ नसलेल्या वर्षांतही या प्रश्नाला अर्थसंकल्पात जागा मिळाली, तरच नंदुरबारकडून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.