खडूची भुकटी

माझी येझदी 1980 सालची. तिच्यावरून अमरावती-अकोला अशा कैक फेऱ्या झाल्या. गेल्या चैत्रात मात्र उभ्या गाडीतले पेट्रोल घटू लागले. जमिनीवर थेंब नाही. गळती दिसत नाही, अर्थी गळती नाही. मग चोर असणार! शेजारी राहणाऱ्या माझ्याच एका विद्यार्थ्याला मी भरवर्गात विचारले, "किती काढलेस?" तो नुसता पाहत राहिला.

अकोल्याच्या मिस्त्रीने विडी लांब फेकली, टाकीचे बूड कोरडे पुसले आणि माझ्याच खिशातला खडू चुरून फासला. घटकाभरात कॉकच्या आट्यांपाशी भुकटी ओलावली. वायसर जुना होऊन कडक झालेला. पेट्रोल पाझरायचे आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात खाली पडण्याआधीच उडायचे.

"मास्तर, चोर तं टाकीखालीच हाये!" तो हसला. मला हसू आले नाही.

वायसर दहा मिनिटांत बदलला. पण मुलाचे काय? एकांतात 'चुकलो' म्हणणे सोपे. आरोप तर साऱ्या वर्गादेखत केलेला. तुम्ही म्हणाल, वर्गात माफी मागितली की मास्तराचा वचक जातो. (कसला वचक, हे मला आता कळेनासे झाले आहे.)

सोमवारी वर्गात त्याचे नाव घेतले. तो मान खाली घालून उठू लागला.

"उभा राहू नकोस," मी म्हणालो.