किती खाली, आणि कसं

माझी पदवी मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. यंत्रांशी नातं उरलंय ते रात्री व्हिडिओ पाहण्यापुरतं. सध्या त्यांत एकच प्रकार चालू आहे : अमेरिकेतले हौशी लोक १९६७ ते १९७२ मधले शेवरले सी-१० पिकअप ट्रक घेतात आणि त्यांचं पुढचं सस्पेन्शन खाली आणतात. ट्रक रस्त्याला टेकल्यासारखा दिसतो, संथ चालतो. माल वाहण्यासाठी बनलेल्या गाडीचं हे रूप पाहताना प्रश्न पडतो : वस्तूला तिच्या मूळ कामापासून तोडायचा हक्क आपल्याला आहे का?

मला वाटतं, आहे. काम हे वस्तूच्या डोक्यावरचं न फिटणारं कर्ज नव्हे. पन्नास वर्षं ओझी वाहिलेल्या ट्रकने आता नुसतं देखणं दिसावं, यात कुणाचं काय जातं?

जातं, पण ते वेगळ्या ठिकाणी. पुढचा भाग खाली आणायचे दोन रस्ते आहेत. स्वस्त रस्ता म्हणजे स्प्रिंगचं वेटोळं कापणं. स्प्रिंगचा ताठरपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहातलं एक कापलं, की तो नवव्या हिश्शाने वाढतो. शिवाय चाकाला वर उचललं जायला जागा कमी उरते. वळणावर खड्डा आला, की सस्पेन्शन रबरी बंपस्टॉपवर आदळतं आणि नेमक्या त्या क्षणी टायरची पकड सुटू शकते. महाग रस्ता म्हणजे ड्रॉप स्पिंडल. यात चाकाचा आस मूळ जागेपेक्षा साधारण अडीच इंच वर घेतलेला असतो. ट्रक तेवढाच खाली येतो. स्प्रिंग आणि आर्म्स मात्र होते तसेच राहतात.

आता हे दोन ट्रक शेजारी उभे करा. उंची सारखी, डौल सारखा. फरक फक्त न दिसणाऱ्या जागी.

कायद्याची अडचण इथेच झाली. १९५०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाने नियम केला : प्रवासी गाडी किंवा ६,००० पौंडांखालचं व्यापारी वाहन बदलून त्याचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेहून खाली आणायचा नाही. नियमाला अर्थ होता. टायर फुटला तर गाडी रिमवर बसते. त्याखाली जे असेल ते रस्त्याला घासतं. पण मोजपट्टी फक्त उंचीची होती, आणि ती कुणाच्या गाडीखाली धरायची हे पोलीस ठरवत. संथ, खाली टेकलेल्या गाड्या ही मेक्सिकन वंशाच्या तरुणांची खूण होती. मोजपट्टी आमच्याच गाड्यांखाली येते, ही त्यांची जुनी तक्रार. १९५९ साली सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरेने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक भाग बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली. मोजपट्टी हरली. १ जानेवारी २०२४ पासून हे निर्बंध राज्याने उठवले.

निर्बंध उठले, तरी जबाबदारी उठली नाही. ती आता पूर्णपणे मालकावर आली. ट्रक त्याचा, शोभा त्याची. पण रस्ता ओलांडणारं पोर त्याचं नाही, आणि निसटलेल्या टायरची जोखीम त्याला न विचारता त्याच्या वाट्याला येते. म्हणून "किती खाली?" हा आवडीचा प्रश्न आहे आणि "कसं?" हा नीतीचा. माझ्या धंद्यातही हेच : स्क्रीन सारखीच दिसते, आतली घाई ग्राहकाला दिसत नाही. जिथे कुणी पाहत नाही तिथे पैसे आणि वेळ खर्चायचा, यालाच मी सचोटी म्हणेन.

आणि ट्रक कधीतरी विकला जातो. पत्रा पुसून चमकवता येतो. आतली स्प्रिंग कापलेली आहे, हे मात्र तोंडानेच सांगावं लागतं.