संशयाची मर्यादा

वॉशिंग्टनचे सरकार योग्य तेच करील, असा भरवसा तुम्हाला वाटतो का? हा साधा प्रश्न अमेरिकेतील लोकांना गेली अनेक दशके विचारला जात आहे. १९६४ साली शंभरातील ७७ लोकांनी 'नेहमी' किंवा 'बहुतेक वेळा' असे उत्तर दिले होते. २०२३ साली असे म्हणणारे शंभरात जेमतेम १६ उरले. हे आकडे वाचताना आमच्यापैकी अनेकांना आतून थोडे बरे वाटते. इराकची राखरांगोळी पाहिलेल्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते बरे वाटणे बाजूला ठेवून एका प्रश्नाचा विचार करायला हवा. राज्यकर्त्यांवर संशय घेणे हा नागरिकाचा गुण की दोष?

अमेरिकेतील अविश्वास आकाशातून पडलेला नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचे तिथल्या सरकारने सांगितले आणि व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक काँग्रेसकडून मिळवली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. ९ ऑगस्ट १९७४ रोजी वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांना अध्यक्षपद सोडावे लागले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी इराकमधील संहारक शस्त्रांचे पुरावे सुरक्षा परिषदेपुढे मांडले. युद्ध झाले, शस्त्रे मात्र सापडली नाहीत.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अलाबामा राज्यातील टस्कीगीची आहे. १९३२ पासून सरकारच्याच आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीयांना एका अभ्यासासाठी निवडले. त्यांतील सुमारे ४०० जणांना उपदंश होता, पण ते त्यांना सांगितले गेले नाही. पुढे पेनिसिलिन उपलब्ध झाले, तरी ते दिले नाही. हा प्रकार १९७२ पर्यंत चालला. अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली, ती १९९७ साली. त्या माणसांच्या नातवंडांनी सरकारी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, तर दोष कोणाचा?

आपल्या परंपरेत याला नेमका शब्द आहे. सत्ता ही अमानत आहे आणि अमानतीत खयानत करणे हे मुनाफिकाचे लक्षण मानले गेले आहे. म्हणजे विश्वास उडाला, तर त्याचा पहिला गुन्हेगार राज्यकर्ताच. पण नागरिकाची जबाबदारी तिथे संपत नाही. कुरआनच्या हुजुरात या सूरेत दोन ताकिदी जवळजवळ आहेत. भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाला तरी इजा कराल आणि मागाहून पस्तावाल, ही एक. फार गुमान करू नका, काही गुमान पाप असतात, ही दुसरी. पहिली भोळ्या विश्वासाला अडवते, दुसरी आंधळ्या संशयाला.

हजरत उमर यांच्याविषयीची एक गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वाटपात प्रत्येकाला एकसारखे कापड मिळाले असताना खलिफांचा अंगरखा एवढा लांब कसा, असे एका माणसाने भर सभेत विचारले. मुलाने उठून सांगितले, की माझ्या वाट्याचे कापड मी वडिलांना दिले. या गोष्टीत आम्ही नेहमी उमर यांच्या सहनशीलतेचे कौतुक करतो. पण प्रश्न विचारणारा उत्तर पटल्यावर खाली बसला, तेही तितकेच मोलाचे आहे.

अमेरिकेत आता हे खाली बसणेच अवघड झाले आहे. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर निकालाविरुद्ध साठाहून अधिक दावे दाखल झाले आणि जवळजवळ सगळेच फेटाळले गेले. जॉर्जिया राज्यात सुमारे पन्नास लाख मते हाताने पुन्हा मोजली गेली. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. त्या लोकांचा न्यायालयावर, वर्तमानपत्रांवर, मोजणी करणाऱ्या कारकुनावर विश्वास नव्हता. एका नेत्यावर मात्र पूर्ण विश्वास होता. सगळ्यांवर संशय घेणारा माणूस असा शेवटी कोणा एकाचा अंधभक्त होतो.

उलट, व्हिएतनामविषयीची गुप्त कागदपत्रे १९७१ साली उघडी करणारे डॅनियल एल्सबर्ग अमेरिकीच होते. ती छापणारी वर्तमानपत्रे अमेरिकी होती आणि छापण्याचा हक्क राखणारे सर्वोच्च न्यायालयही. टस्कीगीला वाचा फोडली तीही तिथल्याच माणसांनी. त्यांचा संशय कष्टाळू होता. त्याने कागद शोधले आणि नोकरीची, तुरुंगाची जोखीम घेतली. घरी बसून 'सगळेच चोर' म्हणायला असली जोखीम लागत नाही. चोरालाही ते सोयीचेच असते, कारण सगळेच चोर म्हटले की त्याच्या एकट्याच्या चोरीचा हिशेब कोणी मागत नाही.

आम्हीही हे 'सगळेच चोर' सहज म्हणून जातो, आपल्या सरकारविषयी, आपल्या पुढाऱ्यांविषयी, कधी आपल्याच जमातीच्या संस्थांविषयी. म्हणताना स्वतःला एवढेच विचारावे, की कोणता पुरावा समोर आला तर आम्ही खाली बसू? याचे उत्तर आमच्यापाशी असेल, तर आम्ही हिशेब मागतो आहोत. नसेल, तर ते निव्वळ गुमान आहे.