पत्ता सांगावा का?

खोपोलीत राहणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा बराचसा भाग लोकांना पत्ते सांगण्यात जातो. महडचा गणपती कुठे, गगनगिरी महाराजांचा आश्रम कुठे, झेनिथचा धबधबा कुठे, पालीची गाडी कुठून सुटते, एक ना दोन! आम्हीही हात पसरून, मान वळवून, समोरच्याला पुरतं पटेपर्यंत सांगतो. अगदीच ठाऊक नसेल तर निदान ‘पुढे विचारा’ एवढं तरी सांगतोच. पाहुण्याला विन्मुख पाठवू नये, हा इथला रिवाज आहे.

फक्त एका गोष्टीचा पत्ता विचारला की माझी जीभ अडखळते. रानातल्या ऑर्किडचा.

ऑर्किड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या स्टेजवरची ती जांभळी फुलं येणार, हे मला माहीत आहे. नवरीइतकाच मेकअप करून बसलेली आणि आठ दिवस झाले तरी न कोमेजणारी! ती वेगळी. मी म्हणतोय ती आमच्या बोरघाटाच्या आसपासची, झाडाच्या बेचक्यात नाहीतर कातळावरच्या गवतात उगवणारी. मराठीत त्यांना आमरी म्हणतात. इंग्रजी नाव मुळात ग्रीक आहे. या वनस्पतींचे जमिनीखालचे जोडकंद पाहून ग्रीकांना पुरुषाच्या शरीराचा जो भाग आठवला, त्यावरून ते पडलं. स्टेजवरच्या फुलांचं कौतुक करणाऱ्या एखाद्या काकूंना ही व्युत्पत्ती सांगावी असं मला फार वाटतं, पण सौ. शेजारी उभी असते.

झाडावरच्या आमरीला बरेच लोक बांडगूळ समजतात. हा शुद्ध अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस पितं. आमरी झाडाकडे मागते ती फक्त टेकायला जागा. पाणी तिचं ती पावसातून आणि हवेतून मिळवते, अन्न तिचं ती तयार करते. कर्जत लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेला आणि स्वतःचा डबा स्वतः आणलेला प्रवासी आठवा, म्हणजे आमरी कळेल. त्याला ‘परोपजीवी’ म्हणण्याची कुणाची छाती होईल?

या फुलांच्या शोधाचं एक पंचांग आहे. फेब्रुवारी-मार्चात पानं गळून गेलेल्या काटक्यांवर डेंड्रोबियमची पांढरी फुलं अवचित दिसतात. मे-जूनच्या सुमाराला सीतेची वेणी लोंबते. पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि खरोखरच कुणी नीट विंचरून घातल्यासारखी वेणी. आसामात हेच फूल बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचं राज्यपुष्पही आहे. आमच्याकडे सीतामाईच्या नावावर ते वनवासातच राहिलं. मग पाऊस पडला की जमिनीवरची मंडळी उठतात. हबेनारिया नावाच्या गोतातली एक जण एकच गोल पान जमिनीला चिकटवून वर एखादं पांढरंशुभ्र फूल धरते. तिची ऑगस्ट-सप्टेंबरातली चुलत बहीण फुलामागे फुलापेक्षा कितीतरी लांब नळी बाळगते. तळाशी मध. तो प्यायला तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग हवा. मादागास्करच्या अशाच एका ऑर्किडची वीतभराहून लांब नळी पाहून डार्विनने १८६२ मध्ये सांगून टाकलं होतं, की एवढ्या सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. डार्विन १८८२ मध्ये गेला आणि त्या पतंगाला शास्त्रीय नाव मिळालं १९०३ मध्ये. आमच्या गल्लीतल्या ज्योतिषाचंही काही वेळा असंच होतं, भविष्य खरं ठरतं तेव्हा विचारणारा हयात नसतो. इथे सांगणारा नव्हता, एवढाच फरक.

सापडलं तरी ओळखणं वेगळंच. नर्व्हिलिया नावाची एक आमरी आहे. तिचं फूल आधी येऊन जातं आणि मग पान उगवतं. एकाच घरात राहून एकमेकांचं तोंड न पाहण्याचा हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही, पण पुस्तक हातात घेऊन बसलेल्या माणसाचे हाल होतात. पुस्तक म्हणतं, पान पाहा. पान कुठे आहे? ते पुढच्या महिन्यात. तरी ज्यांनी ही पुस्तकं लिहिली त्यांच्यापुढे हात जोडावेत. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे खंड १९०१ ते १९०८ या काळात काढले. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश पाद्री फादर सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं फिरले. त्यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १९५३ मध्ये आलं, आणि कपाडियांबरोबर लिहिलेलं मुंबईकडच्या ऑर्किडांवरचं १९६६ मध्ये. आपण खंडाळ्याला चिक्की आणायला गेलो, आणि हा स्पेनचा माणूस आपल्या डोक्यावरची झाडं मोजून गेला.

एवढं ओळखता आलं की माणसाला ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि इथेच घोटाळा सुरू होतो. सांगितल्यावर ऐकणारा तीन प्रश्न विचारतो. ‘खातात का?’ ‘औषधी आहे का?’ ‘किती पैसे येतात?’ तिन्हींना ‘नाही’ म्हणून सुटका होत नाही, कारण चौथा प्रश्न येतोच, ‘नक्की कुठे आहे?’ मुंबईच्या एका पाहुण्यांनी असंच विचारून घेतलेली सीतेची वेणी फांदीसकट नेली आणि बाल्कनीत टांगली. पहिला आठवडा फोन, ‘काय सुंदर!’ दुसरा आठवडा फोन, ‘पाणी किती घालायचं?’ तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचा फोन बंद पडला.

आता बोला! माहीत असलेली गोष्ट विचारली असता न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का?

महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. सदैव खरं बोलण्याचं त्याचं व्रत. चोरांना भिऊन काही माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. चोरांनी येऊन विचारलं, ‘महाराज, कुठे गेले हो ते?’ महाराजांनी खरा पत्ता सांगितला. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मला वाटतं, कौशिकाने प्रश्न तेवढा ऐकला; विचारणाऱ्याचे हात पाहिले नाहीत.

विलायतेत हा धडा उशिरा पण नीट शिकले. तिथलं ‘लेडीज स्लिपर’ नावाचं, बाईच्या सपातेसारखं दिसणारं ऑर्किड हौशी लोकांनी उपटून उपटून १९१७ मध्ये नामशेष झाल्याचं मानलं गेलं. १९३० मध्ये यॉर्कशरमध्ये त्याचं एकच रोप सापडलं. मग पुढची कित्येक दशकं त्याची जागा मोजक्याच लोकांनी गुप्त ठेवली, फुलाच्या दिवसांत पहारा ठेवला, आणि पुढे क्यूच्या उद्यानात रोपं वाढवून रानात परत लावली. एका फुलासाठी एवढी माणसं गप्प बसली! आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमधली गोष्ट जिना उतरेपर्यंत गुप्त राहत नाही.

तेव्हा गप्प बसावं, हे ठरलं. पण गप्प बसलं की दुसरीच पंचाईत उभी राहते.

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर हल्ली ‘सेकंड होम’ उगवतात. त्यांना पाऊसही लागत नाही. ज्या कातळावर जुलैत हबेनारिया फुलते, त्याची सातबाऱ्यावरची नोंद काय असते ठाऊक आहे? पोटखराबा! म्हणजे तिथे काही नाही. उद्या जेसीबी आला, तर त्याला अडवणार कोण आणि काय म्हणून? उपटणारा एक पाहुणा पत्ता कळल्यामुळे येतो. जेसीबी मात्र कुणालाच पत्ता ठाऊक नसतो तिथे अधिक निर्धास्तपणे येतो. माझ्या गुपिताने एक वेणी वाचेल आणि अख्खा कातळ जाईल.

शिवाय सांतापावांनी काय केलं? पत्ते लिहूनच ठेवले. वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर ठिकाण आणि तारीख नसेल, तर त्या नमुन्यात आणि गवताच्या काडीत शास्त्राच्या दृष्टीने फारसा फरक नाही. पूर्वी इथे काय होतं हे आज कळतं, ते त्या लिहिलेल्या पत्त्यांमुळेच.

आणि मुळात हे गुपित तरी कुणाचं? रानभाजीला जाणाऱ्या ठाकरवाडीतल्या आजींना त्या सगळ्या जागा माहीत आहेत. मी मोठ्या गुप्तपणे एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘त्ये व्हय? त्ये तर कवाधरनं हाय तिथंच.’ म्हणजे गुपित फक्त बूट घालून रानात जाणाऱ्यांपुरतं!

फार डोकं खाजवून मी माझ्यापुरता एक तह केला आहे. फुलाचं नाव आणि कौतुक सर्वांना, अगदी न विचारणाऱ्यालाही. नेमकी जागा अभ्यास करणाऱ्यांच्या वहीत, म्हणजे उद्या ‘इथे काय होतं?’ म्हणून कुणी विचारलं तर कागद बोलेल. वाडीवरच्या शाळेतल्या पोरांना तर मुद्दाम दाखवायची, कारण जेसीबी येईल तेव्हा मी घरी चहा पीत असेन, ती तिथेच असतील. आणि पाहुण्याला पत्ता सांगायचा नाही, पाहुण्याला घेऊन जायचं. जुलैत, पावसात, निसरड्या कातळावरून दोन तास, आणि फोनचं लोकेशन बंद, कारण हल्ली फोटोलाच पत्ता चिकटलेला असतो.

या तहात पळवाटा आहेत. पाहुण्याचे हात कसे आहेत हे ठरवणारा मी कोण, हा प्रश्न सौ.ने विचारलेलाच आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एवढं पाहिलं आहे, की दोन तास चिखल तुडवून जो त्या एका पांढऱ्या फुलापुढे गुडघ्यावर बसला, त्याने आजवर ते तोडलेलं नाही. बहुतेक जण तर अर्ध्या वाटेवरच विचारतात, ‘अहो, हे पुस्तकात नाही का पाहायला मिळणार?’

मिळेल की! पुस्तकाचा पत्ता मी कुणालाही आनंदाने सांगतो.